जंगलातल्या ओढ्याच्या गाळात जड धातू कसे मोजायचे: मुंबईच्या बेसाल्टवर काम करणाऱ्यांसाठी

समजा, येऊरच्या किंवा बोरिवलीच्या जंगलातल्या एखाद्या ओढ्याचा गाळ तपासायला दिला आणि आकडे आले: तांबं किलोमागे १३५ मिलिग्रॅम, शिसं ४०. बहुतेक अहवाल तांब्यावर बोट ठेवतील आणि शिशाकडे फारसं बघणार नाहीत. मुंबईत नेमकं उलट करायला हवं.

मुंबई उभी आहे दख्खनच्या लाव्ह्यावर. बेसाल्टमध्ये तांबं, निकेल, क्रोमियम, कोबाल्ट आणि व्हॅनेडियम मुळातच भरपूर असतं, शिसं मात्र नगण्य. कुठल्या खडकात कुठला धातू किती हे सांगणारा तुरेकियन आणि वेडेपोल यांचा १९६१ चा तक्ता जगभर वापरला जातो. त्यातला ‘सरासरी शेल’चा (चिखल दाबून बनलेल्या खडकाचा) स्तंभ सगळे उचलतात: तांबं ४५, निकेल ६८, क्रोमियम ९०, शिसं २०. त्याच तक्त्यात बेसाल्टचाही स्तंभ आहे, तो कुणी बघत नाही: तांबं ८७, निकेल १३०, क्रोमियम १७०, शिसं फक्त ६ (सगळे आकडे किलोमागे मिलिग्रॅम). दख्खनच्या बेसाल्टमध्ये तांबं तर याहूनही जास्त, शंभर ते दोनशेच्या दरम्यान सर्रास सापडतं. तेव्हा खडकाने किती दिलं आणि माणसाने किती घातलं, हा एकच प्रश्न डोळ्यांपुढे ठेवून नमुना घेण्यापासून हिशेबापर्यंतची प्रत्येक पायरी आखायची. पुढचं सगळं त्यासाठीच.

परवानगी आणि मोसम

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून मूठभर गाळ उचलायलाही लेखी परवानगी लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात अभ्यासाची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात. अर्जात ओढ्यांची नावं, प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश, कुठून किती किलो गाळ उचलणार, कोण कोण येणार आणि उरलेल्या नमुन्याचं काय करणार, हे सगळं लिहा. ‘काही नमुने घ्यायचे आहेत’ अशा मोघम अर्जावर प्रश्नांखेरीज काही मिळत नाही. तुळशी आणि विहार हे पिण्याच्या पाण्याचे तलाव आहेत, त्यांच्या परिसरासाठी महापालिकेला वेगळं विचारावं लागतं. आरेत एका बाजूला राखीव वन आणि दुसऱ्या बाजूला दुग्धवसाहतीची जमीन अशी सरमिसळ आहे. आपला बिंदू कुणाच्या ताब्यातल्या जमिनीवर पडतो ते नकाशावर आधी पाहून घ्या.

पावसाळ्यात या ओढ्यांचं पात्र धुऊन निघतं. जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी डोंगरावरून खाली येतं, त्यामुळे नोव्हेंबरात पात्रात दिसणारा बारीक गाळ हा मुख्यतः त्याच वर्षीचा असतो. नमुने घ्यायला ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर हा काळ सगळ्यात चांगला: पाणी वाहतं असतं, पण गाळ बसलेला असतो. एप्रिल-मेमध्ये उरलेल्या डोहांतून दुसरी फेरी करता येते. तेव्हा पानं कुजून सेंद्रिय भाग वाढलेला असतो, म्हणून दोन्ही फेऱ्यांचे आकडे एकाच सरासरीत घालू नका. पहिल्या एक-दोन जोरदार पावसांनंतर रस्त्यावरची वर्षभराची धूळ एकदम ओढ्यात उतरते. रस्त्याचा परिणाम पाहायचा असेल तर ती तिसरी, स्वतंत्र फेरी. मात्र पावसात पाणी चढायला वेळ लागत नाही. वरच्या बाजूला ढग दाटले की पात्रातून बाहेर या.

बिबट्यांचं जंगल आहे, म्हणून ऊन चढल्यावर जा, उन्हं कलायच्या आत परता, आणि ओढ्यात एकट्याने वाकून बसू नका. तलावांत मगरी आहेत. ओढा तलावाला मिळतो तिथला काठ सोडून द्या. पायाला जखम असेल तर गमबुटाशिवाय पाण्यात उतरायचं नाही, लेप्टोची भीती असते.

बिंदू निवडणं

नमुने जोडीने घ्या. रस्ता, पाडा, तबेला, पिकनिकची जागा, जे काही तपासायचं असेल त्याच्या वर एक बिंदू आणि खाली एक. खालचा बिंदू ५० ते १०० मीटर पुढे, म्हणजे बाजूने आलेलं पाणी पात्रभर मिसळलेलं असतं. वरचा बिंदू रस्त्याच्या उतारावरून पाणी येणार नाही इतका वर हवा. घोडबंदर रस्त्याला लागून असलेल्या ओढ्यांत ही चूक फार सोपी असते, कारण रस्ता ओढ्याला एकदा ओलांडतो आणि मग बराच वेळ त्याच्या शेजारून जातो.

याशिवाय पार्श्वभूमीचे बिंदू हवेत: ज्यांच्या संपूर्ण पाणलोटात रस्ता, वस्ती, शेती काही नाही असे छोटे फाटे. असे किमान ८ ते १०, जमलं तर २०. संपूर्ण कामात जास्त मेहनत इथेच घ्या, कारण पुढचा प्रत्येक निष्कर्ष यांच्यावर टेकलेला असतो. वेळ कमी पडला की लोक नेमके हेच बिंदू गाळतात आणि मग शेलचा स्तंभ उचलतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा: जंगलाच्या मधोमधही हवेतून धातू पडतात. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० पर्यंत विकलं जात होतं आणि ते शिसं जमिनीच्या वरच्या थरात अजून आहे. म्हणजे रस्ता नसलेल्या फाट्याचा गाळ ‘आजच्या जंगलाची पातळी’ दाखवतो, निव्वळ खडकाची नाही. निव्वळ खडकासाठी त्याच फाट्याच्या काठावरचा ताजा दगड आणि कुजलेला मुरूम यांचेही दोन-तीन नमुने घ्या. मुरूम घेताना वरची अर्धा मीटर माती बाजूला काढा.

सगळी मुंबई एकाच खडकाची नाही, हेही इथेच आडवं येतं. कान्हेरीची लेणी ज्यात कोरली आहेत तो ज्वालामुखीजन्य ब्रेक्सिया (तुकडे चिकटून बनलेला खडक) आहे. मढ, गोराई, उत्तनकडे ट्रॅकाइट आणि रायोलाइट हे लाव्ह्याचेच वेगळे खडक सापडतात. त्यांत तांबं-निकेल कमी आणि शिसं बेसाल्टपेक्षा जास्त. बेसाल्टच्या पाणलोटाची पार्श्वभूमी रायोलाइटच्या ओढ्याला लावली तर शिशाचं प्रदूषण नसताना दिसेल. भूशास्त्रीय नकाशावर पाणलोट आखा आणि खडकाप्रमाणे बिंदूंचे गट पाडा.

पात्रात नेमकं कुठे? पाणी मंदावतं त्या बाजूला, वळणाच्या आतल्या अंगाला, डोहाच्या शेपटीला, जिथे बोट फिरवल्यावर चिखल लागतो. ही ठिकाणं टाळा: काठ नुकताच ढासळलेला असेल ती जागा, नारिंगी बुळबुळीत पाझर (लोहाचे जिवाणू असतात, तिथे लोह आणि त्याला चिकटणारं आर्सेनिक भरमसाट येतं), आणि मोठ्या दगडांच्या मागचे काळ्या वाळूचे पट्टे. त्या काळ्या वाळूत टायटॅनोमॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं खनिज साचलेलं असतं. त्यात लोह, टायटॅनियम, व्हॅनेडियम, क्रोमियम, शिवाय थोडं जस्तही असतं, आणि हे सगळं खडकाचं. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गाळावरून फिरवा. कणांचे गुच्छ उभे राहिले तर दोन मीटर सरका.

अवजारं

इथे धातूला धातू लावायचा नाही. जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलं, रंगवलेलं फावडं, पितळी चौकटीची चाळणी, यातलं काहीच नको. पितळेतून तांबं आणि जस्त उतरतं, जुन्या चाळणीच्या सोल्डरच्या डागातून शिसं. हवं ते असं: पॉलिप्रॉपिलीनचा चमचा किंवा खुरपं, रंगहीन एचडीपीई (टणक प्लॅस्टिक) बादल्या आणि बाटल्या, पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे. रबरी हातमोजे आणि रबरी बुचं नकोत, रबरात जस्ताचं ऑक्साइड घालतात. हाताच्या अंगठ्या काढून ठेवा.

चाळणीसाठी ६३ मायक्रॉनची नायलॉन जाळी लागते. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या दुकानांत तयार चाळणी मिळते, किंवा स्क्रीन प्रिंटिंगची जाळी पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर ताणून घरीच बनवता येते. फक्त दुकानदाराला ‘मेश’ सांगून जाळी घेऊ नका. मेश म्हणजे इंचात किती धागे. धागा जाड असेल तर तेवढ्याच मेशची भोकं लहान होतात. भोकाचं माप मायक्रॉनमध्ये विचारा.

सगळी प्लॅस्टिकची भांडी साबणाने धुऊन १० टक्के नायट्रिक आम्लात २४ तास बुडवायची (९०० मिली पाण्यात १०० मिली आम्ल ओतायचं, उलट कधीच नाही), मग डीआयनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने तीनदा विसळून पिशवीत बंद. नळाच्या पाण्याने शेवटचं विसळणं करू नका. पाइप आणि तोटीतून तांबं-जस्त येतं.

गाळ उचलणं आणि चाळणं

ओढ्यात खालून वर चढत जा, म्हणजे तुमच्या पायांनी ढवळलेला गाळ पुढच्या बिंदूवर येणार नाही. प्रत्येक बिंदूवर २० ते ५० मीटरच्या पट्ट्यात ५ ते १० ठिकाणांहून वरचा २ सेंटिमीटर थर उचला आणि एका बादलीत एकत्र करा. एकाच खड्ड्यातला गाळ तुम्हाला त्या खड्ड्याची बातमी देईल, ओढ्याची नाही. डोंगरातल्या ओढ्यांचं पात्र खडी-वाळूचं, बारीक भाग अगदी थोडा; म्हणून ओला गाळ दीड ते दोन किलो लागतो. त्यातून २० ग्रॅम बारीक भाग निघाला तरी पुष्कळ.

बारीकच का? धातू कणांच्या पृष्ठभागावर, चिकणमातीवर, लोह-मँगनीजच्या पुटांवर आणि कुजलेल्या पानांवर बसतात. एका ठिकाणी वाळू जास्त आणि दुसरीकडे चिखल जास्त असेल तर आकड्यांतला फरक कणांच्या आकाराचा असतो, प्रदूषणाचा नाही. ६३ मायक्रॉनखालचा भाग घेतला की ही भानगड बरीचशी मिटते. पूर्ण नाही, त्याचा उपाय पुढे ॲल्युमिनियमच्या हिशेबात येतो.

चाळायचं जागेवरच, त्याच ओढ्याच्या पाण्याने. आधी २ मिलिमीटरच्या जाळीतून खडे आणि पानं काढा, मग ६३ मायक्रॉनमधून खाली बादलीत. पाणी जपून वापरा, पाच लिटरच्या आत काम व्हायला हवं. आता सगळ्यात जास्त बिघडणारी पायरी: गढूळ पाणी ओतून देऊ नका. त्या गढुळपणात सगळ्यात बारीक चिकणमाती आहे आणि धातू सगळ्यात जास्त तिच्यावरच आहेत. २ मायक्रॉनचा कण १० सेंटिमीटर खाली यायला साधारण ८ तास घेतो. २० सेंटिमीटर उंचीचं पाणी असेल तर झाकण लावून निदान २४ तास हलवू नका, मग वरचं पाणी नळीने हळूच काढा. तरीही गढूळ राहिलं तर सेंट्रिफ्यूज करा. तुरटी टाकून बसवायचा मोह टाळा. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियम, आणि पुढे तोच धातू मोजपट्टी म्हणून लागणार आहे.

जागेवर पाण्याचा सामू, विद्युतवाहकता आणि तापमान नोंदवा. सामूमापक त्याच सकाळी ७ आणि ४ च्या बफरवर लावून घ्या. पिशवीवर खूण पेन्सिलीने, कागदी चिठ्ठी दुसऱ्या पिशवीत. मार्करची शाई ओलीत पुसते आणि तिच्यात धातूही असू शकतात. दर १० बिंदूंमागे एका ठिकाणी पूर्ण दुसरा नमुना घ्या, त्याच पट्ट्यात, नव्याने. दोघांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर लहानसहान चढउतारांवर निष्कर्ष काढू नका. नमुने बर्फाच्या डब्यात न्या आणि ४ अंशांना ठेवा.

वाळवणं, दळणं

४० अंश सेल्सियसला ओव्हनमध्ये, वजन स्थिर होईपर्यंत. पारा मोजायचा नसेल तर ६० अंशही चालतात. १०५ ला पारा उडतो, म्हणून ते तापमान फक्त ओलावा काढायला घेतलेल्या वेगळ्या चिमटीसाठी. गच्चीत वर्तमानपत्रावर वाळवू नका. शहरातल्या गच्चीत दिवसभर जी धूळ पडते तीच तर आपण ओढ्यात शोधतो आहोत.

वाळलेली ढेकळं अकिकाच्या खलात वस्त्रगाळ होईपर्यंत कुटा. लोखंडी खलातून लोह आणि क्रोमियम येतं, टंगस्टन कार्बाइडच्या चक्कीतून कोबाल्ट. दोन नमुन्यांमध्ये खलात थोडी शुद्ध क्वार्ट्‌झ वाळू घोटून टाकून द्या. मुंबईच्या दमट हवेत चिकणमाती पाणी ओढते, तराजूवर आकडा चढताना दिसतो. डेसिकेटरमधून (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यातून) काढल्यावर लगेच वजन करा.

सेंद्रिय भागासाठी ५५० अंशांना ४ तास जाळून घट काढतात. इथल्या गाळात ती घट म्हणजे सगळीच पानं नव्हेत. गोथाइट (लोहाचं खनिज) आणि चिकणमातीच्या स्फटिकांतलं पाणीही त्या तापमानाला निघून जातं, त्यामुळे सेंद्रिय भाग फुगून दिसतो. तुलना करायला चालेल, पण तो आकडा सेंद्रिय कार्बन म्हणून छापू नका.

आम्लात डायजेशन (विरघळवणं)

साध्या हॉटप्लेटवर यूएस ईपीएची (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची) ३०५०बी पद्धत जमते. १.००० ग्रॅम कोरडा गाळ, १० मिली १:१ नायट्रिक आम्ल, वर वॉच ग्लास. आमचा सल्ला: पानांचा गाळ असेल तर इथेच थांबून रात्रभर थंडच ठेवा, कारण पुढे पेरॉक्साइड घातल्यावर असा नमुना फसफसून बीकरबाहेर येतो आणि सगळं वाया जातं. मग ९५ अंशांना १० ते १५ मिनिटं, उकळू न देता. थंड करून ५ मिली संहत नायट्रिक, अर्धा तास. तपकिरी धूर येत राहिला तर ५-५ मिली पुन्हा, धूर थांबेपर्यंत. आटवून ५ मिलीपर्यंत आणा, कोरडं पडू देऊ नका. थंड झाल्यावर २ मिली पाणी आणि ३ मिली ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. फेस ओसरला की १-१ मिली करत, एकूण १० मिलीपलीकडे नाही. पुन्हा ५ मिलीपर्यंत आटवा. फ्लेम एएएस (ज्योतीत धातू किती प्रकाश शोषतो ते मोजणारं यंत्र) किंवा आयसीपी-ओईएस (तापलेल्या धातूने टाकलेला प्रकाश मोजणारं) यांसाठी शेवटी १० मिली संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घालून १५ मिनिटं, व्हॉटमन ४१ मधून गाळून १०० मिली करा. आयसीपी-एमएस (अणू वस्तुमानाप्रमाणे मोजणारं) किंवा ग्रॅफाइट फर्नेस (ज्योतीऐवजी नळीत तापवणारं, जास्त संवेदनशील एएएस) यांवर द्यायचं असेल तर हायड्रोक्लोरिक घालू नका; आयसीपी-एमएसमध्ये क्लोरीन आर्गनशी जुळून आर्सेनिकचं सोंग घेतं. सगळं फ्यूम हूडमध्ये, चष्मा आणि ॲप्रन घालून.

मायक्रोवेव्ह असेल तर ३०५१ए: अर्धा ग्रॅम गाळ, १० मिली नायट्रिक, साडेपाच मिनिटांत १७५ अंश, पुढे साडेचार मिनिटं तिथेच. अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त सेंद्रिय गाळ घातला तर भांड्यातला दाब वाढून झाकणं उघडतात.

या दोन्ही पद्धती सिलिकेट खनिजं पूर्ण विरघळवत नाहीत. ॲल्युमिनियम, टायटॅनियम आणि स्पिनेलमधलं (न विरघळणाऱ्या खनिजातलं) क्रोमियम अर्धवटच बाहेर येतं. म्हणून यातून आलेला क्रोमियमचा आकडा खडकाच्या पूर्ण रासायनिक विश्लेषणाशी लावून ‘पार्श्वभूमीपेक्षा कमी’ असं लिहिण्यात अर्थ नाही. पार्श्वभूमीचे नमुने, मुरूम आणि ओढ्याचा गाळ तिन्ही एकाच पद्धतीने, शक्य तर एकाच खेपेत विरघळवा. संपूर्ण विरघळवण्याला हायड्रोफ्लुओरिक आम्ल लागतं. खास हूड, कॅल्शियम ग्लुकोनेटचा जेल आणि प्रशिक्षित माणूस नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

प्रत्येक खेपेत एक ब्लँक (गाळाशिवाय नुसती आम्लं), एक दुबार नमुना, एक प्रमाणित संदर्भ नमुना (ज्याचे आकडे आधीच माहीत आहेत असा). एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेचा बफेलो नदीचा गाळ ८७०४ शिसं-जस्त-कॅडमियमसाठी उत्तम (शिसं १५०, जस्त ४०८, कॅडमियम २.९४), पण त्यात निकेल ४३ च्या आसपास. बेसाल्टसारखा लोहाने जड द्रव यंत्राला कसा पेलतो ते त्याच्यावरून कळत नाही. त्यासाठी हवाईचा बेसाल्ट बीएचव्हीओ-२ जोडीला ठेवा: तांबं १२७, निकेल ११९, जस्त १०३. हे एकूण आकडे आहेत, ३०५०बीने थोडे कमी येणारच. दर खेपेला तेवढेच कमी येतात की नाही ते बघायचं.

यंत्रावर

नमुना यंत्रावर चढवण्याआधी कागदावर एक गुणाकार करा. १ ग्रॅम गाळ १०० मिलीत, म्हणजे किलोमागे १ मिलिग्रॅम झाला लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. कॅडमियम ०.३ असेल तर द्रवात लिटरमागे ०.००३, फ्लेम एएएसवर हा आकडा गोंगाटात बुडतो. कॅडमियमला ग्रॅफाइट फर्नेस किंवा आयसीपी-एमएसच हवं. शिसं १० असेल तर ०.१, फ्लेमवर कसंबसं वाचता येतं, पण यंत्रातला पार्श्वभूमी दुरुस्तीचा दिवा चालू हवा (ही प्रकाशाची पार्श्वभूमी, वरच्या बिंदूंची नव्हे). उलट लोह: गाळात ८-१० टक्के असेल तर द्रवात लिटरमागे ८०० ते १००० मिलिग्रॅम, म्हणजे २०० ते ५०० पट पातळ केल्याशिवाय यंत्राच्या मोजमापाच्या सरळ रेषेत येत नाही.

एवढं लोह इतरांच्याही वाटेत येतं. आयसीपी-ओईएसवर कॅडमियमच्या २२६.५ नॅनोमीटर रेषेवर लोह चढतं, शिशाच्या २२०.३५ वर ॲल्युमिनियम. फ्लेममध्ये हवा-ॲसिटिलीनवर लोह आणि निकेल क्रोमियमचा संकेत दाबतात. नायट्रस ऑक्साइड-ॲसिटिलीन वापरा. पडताळणी सोपी आहे: एका डायजेस्ट केलेल्या नमुन्यात मोजून शिसं घाला आणि घातलं तेवढं परत मिळतं का पाहा. ८० ते १२० टक्क्यांबाहेर गेलं तर त्या खेपेचे आकडे वापरू नका.

मापन मर्यादेखाली आलेला आकडा शून्य लिहू नका, ‘मर्यादेपेक्षा कमी’ लिहून मर्यादा द्या.

हिशेब

पार्श्वभूमीच्या बिंदूंची सरासरी नको, मीडियन (क्रमाने लावल्यावर मधला येणारा आकडा) घ्या. एखादा बिंदू नकळत बाधित निघाला तर सरासरी ओढली जाते, मीडियन फारशी हलत नाही.

आता सुरुवातीचे आकडे घ्या. म्युलरचा १९६९ चा भू-संचय निर्देशांक म्हणजे नमुन्यातला धातू भागिले पार्श्वभूमीची दीडपट, आणि त्याचा पाया २ चा लॉगॅरिदम. शेलची पार्श्वभूमी धरली तर तांबं १३५ भागिले ६७.५ बरोबर २, निर्देशांक १. शिसं ४० भागिले ३०, निर्देशांक ०.४. म्हणजे तांबं दोषी, शिसं जवळपास निर्दोष. आता समजा स्थानिक फाट्यांची मीडियन तांब्याला १२० आणि शिशाला ८ आली. तांबं १३५ भागिले १८०, निर्देशांक उणे ०.४, प्रदूषण नाही. शिसं ४० भागिले १२, निर्देशांक १.७, मध्यम प्रदूषण. गाळ तोच, यंत्र तेच. बदललं ते फक्त भाजक.

समृद्धी गुणांकासाठी (धातू पार्श्वभूमीच्या किती पट झाला ते सांगणारा आकडा) धातू भागिले ॲल्युमिनियम हे गुणोत्तर नमुन्यात आणि पार्श्वभूमीत काढून एकाला दुसऱ्याने भागा. लोह मोजपट्टी म्हणून वापरायची सवय इथे सोडा. मॅग्नेटाइटच्या वाळूमुळे लोह बिंदूगणिक उड्या मारतं. गुणांक २ च्या आत असेल तर काही म्हणू नका.

परदेशी मर्यादांबद्दल. २००० साली मॅकडोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या गाळासाठी दोन पातळ्या मांडल्या: जिच्याखाली जीवांना अपाय सहसा दिसत नाही ती, आणि जिच्यावर बहुधा दिसतो ती. तांब्याला ३१.६ आणि १४९, निकेलला २२.७ आणि ४८.६, क्रोमियमला ४३.४ आणि १११, शिशाला ३५.८ आणि १२८, जस्ताला १२१ आणि ४५९. बेसाल्टवरच्या स्वच्छ ओढ्याचा गाळ निकेलची वरची पातळीसुद्धा ओलांडू शकतो, तरी त्यात खेकडे आणि मासे असतात, कारण ते निकेल खनिजात बंद आहे. या मर्यादा शिसं, जस्त, कॅडमियमला लावा. निकेल, क्रोमियम, तांब्याला लावायच्या आधी खालची चाचणी करा. आणि गाळातल्या मिलिग्रॅम प्रति किलोची तुलना आयएस १०५०० च्या मिलिग्रॅम प्रति लिटरशी कधीच करू नका. ते पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, आणि ही तुलना अजूनही प्रबंधांत सापडते.

चाचणी स्वस्त आहे. १ ग्रॅम गाळ, १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिली (३५ ते ३७ टक्क्यांचं साधारण ८५ मिली, पाण्यात घालून लिटर करा), १ तास हलवणं, गाळणं, मोजणं. खनिजात बंद असलेला धातू बहुतेक जागेवरच राहतो. बाहेरून येऊन चिकटलेला निघतो. रस्त्याच्या वर आणि खाली एकूण तांबं सारखंच पण आम्लात सुटणारं तांबं दुप्पट, असं आलं तर रस्त्याचा हात आहे. जास्त तपशील हवा तर बीसीआरची (युरोपात ठरवलेली) टप्प्याटप्प्याची पद्धत: ०.११ मोलर ॲसेटिक आम्ल ४० मिली १६ तास, मग ०.५ मोलर हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड (सामू १.५) तेवढंच, मग पेरॉक्साइड आणि अमोनियम ॲसिटेट. ही पद्धत २२ अधिक-उणे ५ अंशांसाठी आखली आहे. मुंबईत पंख्याखाली ठेवलेला शेकर रात्रभर ३० च्या वर राहतो, म्हणून एसीची खोली मिळवा.

कुठले धातू एकत्र चढतात हेही पाहा. क्रोमियम, निकेल, व्हॅनेडियम, टायटॅनियम लोहाबरोबर वरखाली होत असतील तर खडक बोलतो आहे. जस्त, तांबं आणि अँटिमनी एकत्र चढले तर टायर आणि ब्रेक. जस्त एकटंच असेल तर वरच्या बाजूला पत्र्याची छपरं किंवा मुलामा दिलेला मोरीचा पाइप शोधा. तांबं-जस्ताबरोबर फॉस्फरस असेल तर तबेल्याचं शेण, कारण पशुखाद्यात हे दोन्ही धातू मिसळतात. शिसं एकटंच असेल तर जुना रंग, फेकलेली बॅटरी किंवा जमिनीत उरलेलं पेट्रोलचं शिसं. या खुणा दिशा दाखवतात; नाव घेण्याआधी वर चालत जाऊन बघून या.

अहवालाच्या तक्त्यात कणांचा आकार, वाळवण्याचं तापमान, डायजेशनची पद्धत, संदर्भ नमुन्याची रिकव्हरी (माहीत आकड्यापैकी किती टक्के मिळालं) आणि पार्श्वभूमीचे बिंदू अक्षांश-रेखांशासकट द्या. उरलेला वस्त्रगाळ गाळ, निदान १० ग्रॅम, काचेच्या बाटलीत सिलिका जेलबरोबर ठेवा. दुसऱ्या प्रयोगशाळेने वेगळा आकडा सांगितला तर तोच नमुना पुन्हा मोजता येतो. आम्लाचे उरलेले द्रव सिंकमध्ये ओतायचे नाहीत. वेगळ्या कॅनमध्ये साठवा, वर आम्लाचं नाव आणि धातू लिहा, आणि संस्थेच्या घातक कचऱ्याबरोबर अधिकृत केंद्राकडे पाठवा.